लाकडी मिरी-मिल: आतली यंत्रणा कशी निवडायची?

नाशिकला गंगापूर रोडवर डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर प्रदर्शन लागलं की हातकामाच्या लाकडी वस्तूंमध्ये हल्ली मिरी-मिल, म्हणजे मिरी दळायची छोटी हातगिरणीही मांडलेली दिसते. सागवानाची, शिसवीची, आंब्याची. लेथवर कातून गुळगुळीत केलेली, वर गोल बोंड. दिसायला सारख्या दोन मिलच्या किमतीत मात्र बराच फरक असतो. कारण विचारलं तर उत्तर मिळतं, "ही स्टीलची आहे, ती सिरॅमिकची." म्हणजे काय, हे सांगणारा सहसा कुणी भेटत नाही आणि लोक शेवटी लाकडाचा रंग बघून एक उचलतात. ज्यांच्याकडे स्वतःचं छोटं लेथ आहे आणि ज्यांना मिल घरी कातायची आहे, त्यांचा गोंधळ तर आणखी मोठा. ऑनलाइन शोधायला बसलं की दांडीवाली, खालून बसणारी, कार्बन स्टील, स्टेनलेस, सिरॅमिक, अ‍ॅक्रिलिक अशी नावं एकामागून एक येत राहतात.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. यंत्रणा आधी निवडा, लाकूड नंतर. आणि ती किती बारीक दळते हे विचारण्याच्या आधी, झिजल्यावर ती काढून दुसरी बसवता येईल का, हे विचारा. हे मत कशावर उभं आहे ते पुढे एकेक करून मांडतो.

शब्द तीनच लागतील. लाकडाला पक्कं बसवलेलं दातेरी कडं. त्या कड्याच्या आत फिरणारा दातेरी शंकू. आणि मिलचं डोकं हाताने फिरवलं की ती फिरकी शंकूपर्यंत पोचवणारी दांडी. या तिघांना मिळून यंत्रणा म्हणायचं.

## मिरपूड विकत मिळते, मग दळायचीच कशाला?

मिरीत दोन वेगळ्या गोष्टी असतात. जिभेला झोंबतो तो पिपरीन नावाचा पदार्थ, तो सहज उडून जात नाही. वास मात्र उडून जाणाऱ्या तेलांचा असतो. अख्ख्या मिरीत ही तेलं सालीच्या आत बंद राहतात. दाणा फुटला की हवा लागते आणि वास निघून जायला लागतो. म्हणून महिन्यापूर्वीची मिरपूड तिखट लागते, पण तिला मिरीचा वास येत नाही. ताकावर, काकडीच्या कोशिंबिरीवर, उकडलेल्या अंड्यावर हा फरक लगेच कळतो.

खलबत्ता वाईट का? मुळीच नाही. फोडणीत किंवा रश्श्यात जाणारी मिरी खलबत्त्यातच कुटावी. मिल ताटासमोरच्या कामाची आहे. दोन फिरक्या दिल्या, तेवढीच मिरी दळली गेली, बाकीची अख्खी राहिली.

## जातं ओळखीचं असेल तर मिल ओळखीची आहे

जात्याची खालची तळी जागेवर असते, वरची खुंट्याला धरून फिरवतात. दाणे मधल्या तोंडातून आत पडतात, दोन दगडांमधल्या फटीतून कडेकडे सरकतात आणि सरकता सरकता बारीक होतात. वरची तळी किंचित उचललेली असली तर भरड निघते, नीट टेकलेली असली तर पीठ.

मिलमध्ये हीच रचना उभी केली आहे. कडं म्हणजे न हलणारी तळी, शंकू म्हणजे फिरणारी, आणि डोक्यावरचं बोंड म्हणजे खुंटा. वरून मिरी पडते, कडं आणि शंकू यांच्यातली फट खाली जाताना अरुंद होत जाते, आणि तळातून पूड बाहेर येते. भरड-बारीक ठरतं ते फक्त त्या फटीवर.

जात्याची आणखी एक गोष्ट इथे फार महत्त्वाची आहे. वर्षानुवर्षं दळून दगड गुळगुळीत झाला की दाणे नुसते घसरायला लागतात, पीठ निघत नाही, हात भरून येतात. मग पाथरवटाकडून टाकी लावून घेतात. छिन्नीने बारीक टोचे मारले की दगडाला पुन्हा धार येते आणि तेच जातं पुढची पिढी वापरते. मिलच्या दात्यांना अशी टाकी लावायची सोय नाही. ते बोथट झाले की बदलायचे. लाकूड मात्र नीट राखलं तर कित्येक वर्षं टिकतं. म्हणजे हाताने केलेल्या मिलमध्ये आधी जाणारा भाग आतला आहे, आणि मागे राहणारा बाहेरचा. हे डोक्यात ठेवलं की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

## दाणा फुटतो कसा

चांगल्या यंत्रणेत दळण दोन टप्प्यांत होतं. शंकूच्या वरच्या भागावर मोठे, पिळदार दाते असतात. ते अख्खा दाणा पकडून खाली ओढतात आणि फोडतात. खालच्या भागावर बारीक, दाट दाते असतात, ते फुटलेले तुकडे आणखी लहान करतात. स्वस्त यंत्रणेत पहिला टप्पा नावापुरता असतो. मग टपोरा दाणा शंकूच्या माथ्यावर नुसता गोल फिरत राहतो आणि आपल्याला वाटतं की मिल अडली.

मिरीच्या आकाराचाही इथे संबंध येतो. मलबारकडच्या मिरीची प्रतवारी दाण्याच्या आकारावर होते. तेल्लिचेरी नावाने विकली जाते ती टपोरी, म्हणजे ४.२५ मिमीच्या वरची. अशी मिरी हौसेने आणायची असेल तर दाणा पकडणारे मोठे दाते असलेलीच यंत्रणा हवी. किराणा दुकानातली साधी मिरी त्याहून बारीक असते, ती बहुतेक कुठल्याही यंत्रणेत पकडली जाते.

ही दोन टप्प्यांची कल्पना पोलादात घट्ट बसवणारं नाव म्हणजे फ्रान्समधलं प्यूजो. मोटारींच्या कितीतरी आधी हे घराणं करवतीची पाती आणि पोलादी वस्तू बनवत होतं. १८४० मध्ये त्यांनी कॉफी दळायची गिरणी काढली आणि १८७४ मध्ये मिरीची. करवतीचे दाते कसे कापायचे आणि पोलाद कसं कडक करायचं हे त्यांना आधीपासून माहीत होतं, तेच ज्ञान मिरीला लावलं.

## पोलाद, स्टेनलेस की सिरॅमिक?

सगळ्यात जास्त गैरसमज याच ठिकाणी आहेत, म्हणून जरा सावकाश जाऊ.

साधं कार्बन पोलाद पाणी देऊन, म्हणजे तापवून आणि ठरावीक पद्धतीने थंड करून, फार कडक करता येतं. उत्तम यंत्रणेत वरचा थर कडक आणि आतला गाभा चिवट ठेवतात. त्यामुळे दात्याची धार टिकते आणि दाताही तुटत नाही. असे दाते मिरी कापतात, नुसती चिरडत नाहीत. मिरीसाठी माझी पहिली पसंती यालाच. याचा शत्रू एकच, ओल. त्यातही मीठ असेल तर गंज फारच लवकर चढतो.

"मग स्टेनलेस घ्यावं की, गंजणारच नाही!" हा आपल्याकडचा हमखास येणारा मुद्दा. भांड्यांसाठी तो बरोबर आहे. दात्यांसाठी अर्धाच बरोबर आहे. स्टेनलेस अनेक जातींचं असतं. घरातली चांगली भांडी ज्याची असतात ते ३०४ जातीचं पोलाद गंजाला उत्तम तोंड देतं, पण ते पाणी देऊन कडक होत नाही. त्याचे दाते केले तर ते मऊच राहतात आणि लवकर बोथट होतात. सुऱ्यांची पाती ज्याची करतात ते ४२० जातीचं स्टेनलेस कडक होतं, मात्र गंजाला ३०४ इतकं दाद न देणारं नसतं. म्हणजे "स्टेनलेस यंत्रणा" एवढंच लिहिलेलं असेल तर त्यातून काहीच कळत नाही.

लोहचुंबकाने थोडा अंदाज येतो. भांडी घेताना आपण चुंबक लावून बघतो, चिकटलं तर नापसंत करतो. मिलच्या दात्यांना तो नियम उलटा लावायचा. चुंबक घट्ट चिकटलं तर ते कडक होऊ शकणारं पोलाद असण्याची शक्यता जास्त, कार्बन असो वा ४२०. अजिबात चिकटलं नाही तर ३०४ असेल किंवा जस्ताच्या मिश्रधातूवर चकचकीत मुलामा दिलेला असेल. जस्ताच्या ओतीव दात्यांची मिल मी कुणालाही घ्या म्हणणार नाही. ते मऊ असतात, कडा बघता बघता गोल होतात, आणि झिजलेला भाग शेवटी ताटातच येतो.

आता सिरॅमिक. नाव ऐकलं की कपबशी आठवते आणि लोक विचारतात, फुटणार नाही का? मिलमधलं सिरॅमिक कपबशीच्या मातीचं नसतं. ते बहुधा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड असतं. धार लावायचा कुरुंदाचा दगड रासायनिकदृष्ट्या हाच पदार्थ, आणि मोटारीच्या स्पार्क प्लगचा पांढरा भागही याचाच. खनिजांचा कठीणपणा मोजायच्या मापावर हिरा १० वर असतो, कुरुंद ९ वर आणि मीठ साधारण अडीचवर. त्यामुळे मिरीने किंवा मिठाने सिरॅमिक झिजायला फार काळ लागतो, आणि गंजायचा प्रश्नच येत नाही. फुटण्याची शक्यता आहे, पण ती दळताना नाही. मिल फरशीवर जोरात आपटली किंवा मिरीतून खडा आत गेला तर कडेचा टवका उडू शकतो. मिरी निवडून भरली तर ही भीती बरीच कमी होते.

सिरॅमिकचे दाते पोलादाइतके धारदार करता येत नाहीत. ते मिरी कापण्यापेक्षा चिरडतात जास्त. पूड किंचित वेगळी पडते, धुरळा थोडा अधिक असतो. रोजच्या जेवणात हा फरक बहुतेकांना जाणवणार नाही.

अ‍ॅक्रिलिक किंवा नायलॉनचे दाते मीठ दळायला चालतात, मिरीला नाही. त्यांच्याबद्दल इतकंच पुरे.

## दांडीवाली की खालून बसणारी?

कातणाऱ्यासाठी खरा पेच इथे आहे. कशाचे दाते घ्यावेत यापेक्षाही हा निर्णय मोठा.

जुन्या पद्धतीत दांडी मिलच्या आरपार जाते. खाली तिला शंकू जोडलेला, वर ती डोक्यातून बाहेर येते आणि तिच्यावर छोटी चाकी, म्हणजे नट, बसते. नट आवळला की दांडी वर ओढली जाते, शंकू कड्यात वर सरकतो, फट कमी होते, पूड बारीक येते. सैल केला की खालची स्प्रिंग शंकूला खाली ढकलते आणि भरड येते. रचना साधी, स्वस्त, आणि बिघाड कुठे आहे ते डोळ्यांना दिसतं.

तिच्या अडचणीही त्याच नटमध्ये आहेत. तो दोन कामं करतो, फट ठरवतो आणि डोकंही धडावर दाबून धरतो. त्यामुळे बारीक हवं असेल तर डोकं फिरवायला जड जातं. दळता दळता नट हळूहळू सैल होतो आणि पूड भरड यायला लागते. मिरी भरायची तर नट काढावा लागतो, म्हणजे ठरवलेली फट प्रत्येक वेळी मोडते.

दुसऱ्या पद्धतीत दळणारा सगळा भाग एका डबीसारख्या खोक्यात असतो आणि ते खोकं मिलच्या तळाशी बसतं. क्रशग्राइंड नावाची डॅनिश सिरॅमिक यंत्रणा या जातीतली, हौशी कातकाम करणाऱ्यांमध्ये तिचं नाव बरंच घेतलं जातं. भरड-बारीक करायची चाकी खालीच असते. वर येते ती फक्त डोकं फिरवायची सहा कडांची दांडी, आणि ती डोक्यातल्या एका छोट्या सॉकेटमध्ये अडकते. डोकं वर ओढलं की निघतं, मिरी भरली की परत बसतं, आणि फट जशीच्या तशी राहते.

वापरणाऱ्याला ही दुसरी पद्धत सोयीची. घरात आजी-आजोबा असतील, ज्यांच्या बोटांत नट आवळायची ताकद राहिलेली नाही, त्यांच्यासाठी मी डोळे झाकून हीच सुचवतो.

कातणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर फरक आणखी खोल आहे. दांडीवाल्या पद्धतीत शंकूला मध्यावर धरून ठेवायचं काम लाकडाला करावं लागतं. डोक्याचं भोक, धडाचं भोक आणि तळाची खाच एका रेषेत हवी. जराशी चुकली तर शंकू कड्याच्या एका बाजूला घासतो आणि दुसऱ्या बाजूला मोठी फट राहते. मग एकाच फिरकीत धुरळाही पडतो आणि अर्धे दाणेही पडतात. खोक्याच्या पद्धतीत शंकूची जागा खोक्यातच पक्की असते. लाकूड थोडं इकडेतिकडे झालं तरी दळण बिघडत नाही.

आपल्या मिलची परीक्षा घ्यायची तर पांढऱ्या कागदावर चार फिरक्या दळा आणि पूड बोटाने पसरा. दाणे साधारण एकसारखे दिसले तर यंत्रणा मध्यावर आहे. मोठे तुकडे आणि पावडर दोन्ही दिसलं तर शंकू तिरका चालतोय.

## लाकूड हलतं, आणि नाशिकजवळ जास्तच

कातलेलं लाकूड मेलेलं नसतं असं जुने सुतार सांगतात. ते हवेतली ओल घेतं आणि सोडतं, फुगतं आणि आक्रसतं. शिवाय ते सगळीकडून सारखं आक्रसत नाही. वाढीच्या वलयांच्या दिशेने होणारा बदल हा मध्यापासून बाहेरच्या दिशेच्या बदलाच्या साधारण दुप्पट असतो. म्हणून आज गोल पाडलेलं भोक काही महिन्यांनी किंचित लंबगोल होतं.

आपल्या जिल्ह्यात हवेचा फरक मोठा आहे. एप्रिल-मे मध्ये नाशिक शहरात हवा इतकी कोरडी होते की दरवाज्यांच्या फळ्यांत फटी पडतात. जुलैमध्ये तेच दरवाजे चौकटीत अडकतात. इगतपुरीला वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो, त्र्यंबकलाही भरपूर, तर शहरात त्याच्या चौथाईच्या आसपास. मे महिन्यात शहरात कातलेली मिल इगतपुरीच्या घरात ऑगस्टमध्ये काढली तर तिचं डोकं धडात रुतून बसलेलं असू शकतं.

यावर उपाय आहेत. लाकूड आधी ओबडधोबड कातून मधलं भोक पाडून ठेवावं, काही आठवडे सावलीत राहू द्यावं, आणि मग शेवटच्या मापाला आणावं. आतला ताण निघून गेला की नंतरची हालचाल कमी होते. डोक्याचा जो भाग धडाच्या आत उतरतो, त्याच्याभोवती अर्धा ते एक मिमी मोकळीक ठेवावी. सागवान इतर बऱ्याच लाकडांच्या मानाने कमी हलतं, म्हणून दांडीवाली यंत्रणा लावायची असेल तर सागवान. आंब्यासारखं जास्त हलणारं लाकूड वापरायचं असेल तर खोक्याची यंत्रणा, कारण ती लाकडाची चूक पोटात घालते. यंत्रणा आधी आणि लाकूड नंतर, असं मी म्हणतो ते यामुळे.

## भोकं पाडण्याआधी

यंत्रणा हातात आल्याशिवाय लाकडाला भोक पाडू नका. कागदावरची मापं आणि प्रत्यक्षातला तुकडा यांत फरक निघतो, तेव्हा व्हर्नियरने मोजून घ्या.

तरी अंदाजासाठी सांगतो. दांडीवाल्या यंत्रणेला साधारण तळाशी इंच पाच सूत, म्हणजे ४१ मिमीच्या जवळपास, उथळ खाच लागते. धडाच्या आरपार इंच अर्धा सूत, म्हणजे २७ मिमीचं भोक. खोक्याच्या यंत्रणेला तळाशी पावणेदोन इंच, त्याच्या आत दीड इंच, आणि पुढे पुन्हा २७ मिमीच्या आसपास. म्हणून ठोकळा अडीच ते तीन इंच चौरस घ्यावा, नाहीतर तळाशी भिंत पातळ राहते.

क्रम चुकवू नका. आधी मोठी खाच, मग लहान भोक. लहान भोक आधी पाडलं तर मोठ्या बिटच्या मधल्या टोकाला टेकायला लाकूडच उरत नाही आणि बिट भरकटतं. मोठं फोर्स्टनर बिट, म्हणजे रुंद, सपाट तळाचं भोक पाडणारं बिट, सावकाश फिरवा, दर थोड्या वेळाने बाहेर काढून भुसा झटका. घाईने पाडलं की भोकाच्या कडा तापून करपतात, आणि तापलेलं लाकूड तिथेच तडकतं. धडाला दोन्ही टोकांकडून भोक पाडून मध्ये भेट घडवली तर रेषा जास्त सरळ राहते.

उंचीचा हिशोब यंत्रणेप्रमाणे बदलतो. दांडीवालीत वरच्या टोकाला आटे असतात, त्यामुळे दांडी कापली तर नवे आटे पाडून घ्यावे लागतात. म्हणून मिलची उंची ठरवूनच दांडी मागवावी. खोक्याच्या यंत्रणेची दांडी हॅकसॉने हव्या त्या लांबीला कापता येते. आतल्या भोकाला वॉर्निश किंवा लाख लावू नका, मिरीला वास लागतो.

## चिकटवायचं की नाही?

इथे माझं मत ठाम आहे. यंत्रणा कायमची चिकटवू नये.

दांडीवालीचं कडं दोन छोट्या स्क्रूंनी बसतं, तिथे चिकटवायची गरजच नाही. फक्त तळाचं लाकूड हे उभ्या रेषांच्या टोकाचं असतं आणि त्यात स्क्रूची पकड कमी असते, म्हणून आधी बारीक भोक पाडून मगच स्क्रू आवळावा. खोक्याच्या यंत्रणेला बाजूला लवचिक कान असतात. भोकाच्या भिंतीत आतून खाच पाडली की ते कान तिच्यात अडकतात. ही खाच पाडणं किचकट आहे. म्हणून बरेच जण कान छाटून टाकतात आणि खोकं इपॉक्सीने चिकटवतात. काम पटकन होतं, मिल छान दिसते, विकलीही जाते. पण एकदा सिरॅमिकचा टवका उडाला की सगळी मिल टाकून द्यावी लागते. सागवान चांगलं, कातकाम चांगलं, आणि सगळं कचऱ्यात. मला हे पटत नाही. खाच पाडायला वेळ लागला तरी पाडावी. अगदीच जमत नसेल तर इपॉक्सीऐवजी सिलिकॉनचे दोन-तीन लहान ठिपके द्यावेत, ते पुढे पातळ पात्याने कापून काढता येतात.

विकत घेणाऱ्याने मिल उलटी करून तळ बघावा. स्क्रू दिसतात का, खोकं निघतं का, हे विचारावं. बनवणाऱ्याने तळाच्या आत यंत्रणेचं नाव आणि भोकाची मापं पेन्सिलीने लिहून ठेवली असतील तर तो माणूस पुढचा विचार करणारा आहे. बदली तुकडा शोधणाऱ्याचं काम त्या दोन ओळींनी वाचतं.

## मीठ, सैंधव, धने?

मीठ कार्बन पोलादात कधीही घालू नये. मिठाला वेगळी मिल, सिरॅमिकची. उपवासाला लागणारं शेंदेलोण, म्हणजे सैंधव, कोरडं आणि खडेदार असतं, ते सिरॅमिकमध्ये छान दळलं जातं. खडे मात्र मिरीएवढे फोडून भरावेत. समुद्राचं जाडं मीठ पावसाळ्यात ओलसर होतं आणि दात्यांत लगदा करून बसतं, ते मिलसाठी नाही.

धने कोरडे असतील तर भरड फटीत दळतात, पण सालीचे तंतू अडकतात. ओवा, तीळ, जवस यांत तेल जास्त, दाते बुजतात. लाल मिरचीच्या पापुद्र्यांना वेगळ्या जातीचे दाते लागतात. जायफळ तर मिलमध्ये घालायचंच नाही, त्याला किसणी.

मिल पाण्याने धुवू नये, लाकडासाठीही आणि दात्यांसाठीही. कोरड्या ब्रशने झटकावी. नवी पोलादी मिल असेल तर पहिली मूठभर मिरी दळून टाकून द्यावी, दात्यांवरचे कारखान्यातले कण त्यात निघून जातात.

## हे दाते नाशिकलाच का बनू नयेत?

हा प्रश्न मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे कातकाम करणारे हात आहेत, पेठ-सुरगाण्याच्या बाजूला सागवान आहे. आणि सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत धातूचं काम कोणत्या प्रतीचं होतं ते सगळ्यांना माहीत आहे. नाशिकच्या बॉशच्या कारखान्यात डिझेल इंजिनांचे इंजेक्टर आणि नोझल बनतात. त्यांची अचूकता मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजतात. मिरीच्या दात्यांना त्याच्या जवळपासचीही अचूकता लागत नाही. पोलादाला पाणी देणारी हीट ट्रीटमेंटची युनिटंही याच वसाहतींत आहेत.

"चार मिल विकल्या जातात, त्यासाठी साचा कोण करणार?" ही हरकत रास्त आहे. एकट्या कातणाऱ्याला ते परवडणार नाही. पण लेथवाले सगळे मिळून एकच माप ठरवू शकतात. आरपार भोक इतकं, तळाची खाच इतकी, स्क्रूंमधलं अंतर इतकं. मागणी एका मापावर आली की छोट्या वर्कशॉपलाही एक गट्टा दाते पाडणं परवडायला लागतं.

पोलाद अन्नाला चालणारं हवं, मुलामा निघणारा नसावा, आणि कडकपणा प्रत्येक गट्ट्यात तपासलेला हवा. या तीन अटींवर तडजोड चालणार नाही. माप ठरवताना २७ मिमीचं आरपार भोक कायम ठेवावं असं मला वाटतं. आज बाजारात असलेल्या बऱ्याच दांडीवाल्या यंत्रणा त्याच मापाच्या आहेत. तेवढं सांभाळलं तर आत्तापर्यंत घरोघरी गेलेल्या अशा जुन्या मिलमध्येही इथले नवे दाते बसवता येतील.